श्रीमंत राज्यातली महिनाअखेर

गोव्याच्या अर्थकारणाची चर्चा सुरू झाली की एक आकडा हमखास पुढे येतो, तो दरडोई उत्पन्नाचा. क्षेत्रफळ अवघे 3,702 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या थोडी वर, म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याहूनही लहान असे हे राज्य. पण दरडोई उत्पन्नाच्या यादीत ते गेली कित्येक वर्षे सिक्कीमबरोबर सर्वांत वर असते. अलीकडच्या वर्षांत हा आकडा माणशी पाच लाख रुपयांच्या आसपास पोचला आहे. देशाच्या सरासरीशी ताडून पाहिले तर जवळजवळ तिप्पट. या हिशेबाने चार माणसांच्या घरात वर्षाला वीस लाख, म्हणजे महिन्याला दीड लाखाच्या वर रुपये यायला हवेत. वेर्णा, कुंडई किंवा पिसुर्ले इथल्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणाऱ्या कामगारांमध्ये असे घर शोधायला निघालात, तर हाती काही लागणार नाही. आकडा खोटा नाही. त्याच्याकडे जे उत्तर मागितले जाते, ते मात्र त्याच्यापाशी नाही. राज्यात किती पिकते हे तो सांगतो. राबणाऱ्या घरात किती उरते, हे सांगत नाही. गोव्यासारख्या लहान राज्यात या दोहोंमधले अंतर फार मोठे होऊ शकते, आणि धोरण आखताना ते लक्षात घेतले नाही तर त्याची किंमत त्याच घरांना मोजावी लागते.

हे अंतर पडते कसे, ते आधी पाहू. राज्याचे उत्पन्न म्हणजे राज्याच्या हद्दीत तयार झालेल्या मालाचे आणि सेवांचे मूल्य. त्यातून यंत्रांची झीज वजा करायची आणि राहिलेल्या रकमेला लोकसंख्येने भागायचे. कारखाना गोव्यात असेल तर त्याचे मूल्य गोव्याच्या खात्यात जमा होते, मग नफा मुंबईच्या भागधारकाकडे जावो की परदेशातल्या. गोव्यात औषधनिर्मितीचा मोठा उद्योग आहे आणि देशाच्या औषध निर्यातीत त्याचा ठसठशीत वाटा आहे. औषधाच्या गोळीत मूल्य पुष्कळ असते, पण ती बनवायला माणसे कमी लागतात. भाजक लहान असला की असे थोडे कारखानेसुद्धा सरासरी कुठल्या कुठे नेऊन ठेवतात. सिक्कीमची गोष्ट याहून बोलकी आहे. 2011 च्या जनगणनेत सहा लाख वस्ती असलेल्या त्या राज्यात औषध कारखाने आणि तिस्तेवरचे जलविद्युत प्रकल्प आले आणि दरडोई उत्पन्न झपाट्याने वर चढले. पण तिथल्या वेलची पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मिळकत काही त्या वेगाने वाढलेली नाही. गोव्याच्या बाबतीत हा आकडा उलट्या बाजूनेही चुकतो. सासष्टी, बार्देशातल्या हजारो घरांचा संसार जहाजावरच्या तारवट्याच्या, कुवेतमधल्या फोरमनच्या किंवा इंग्लंडातल्या गोदामात काम करणाऱ्या मुलाच्या पैशावर चालतो. तो पैसा राज्याच्या हद्दीबाहेर कमावलेला, म्हणून राज्याच्या उत्पन्नात धरला जात नाही. बाहेर जाणारा नफा मोजला जातो आणि बाहेरून घरी येणारा पगार मोजला जात नाही, असा हा आकडा आहे. घरांची परिस्थिती त्यातून कशी कळावी?

घर कसे चालले आहे हे पाहायचे तर खर्चाकडे वळावे लागते. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार गोव्याच्या ग्रामीण भागात माणशी महिना खर्च 7,367 रुपये, तर शहरी भागात 8,734 रुपये होता. देशाची सरासरी ग्रामीण भागात 3,773 आणि शहरी भागात 6,459 रुपये होती. म्हणजे गोव्याचे खेडे देशातल्या सर्वसाधारण खेड्याच्या जवळजवळ दुप्पट खर्च करते. ही खरोखर चांगली गोष्ट आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. शहरात मात्र हे अंतर एकतृतीयांशावर येते. उत्पन्नात तिप्पट असलेले राज्य शहरी घरखर्चात सव्वापट-दीडपटीच्या मध्ये कुठेतरी थांबते. यावर कोणी म्हणेल, श्रीमंत माणूस मिळकतीचा मोठा भाग शिल्लक टाकतो, त्यामुळे खर्चावरून मिळकत जोखू नये. खरे आहे. पण शिल्लक टाकणारा माणूस कोण, हाच तर इथला प्रश्न आहे. शिवाय ही सरासरी आहे. पर्वरीतला बंगला आणि मोतीडोंगरावरची भाड्याची खोली दोन्ही तिच्यात एकत्र मोजलेली आहेत.

आता एक महिना जवळून पाहू. हा हिशेब कल्पिलेला आहे, पण त्यातल्या रकमा फोंडा किंवा वास्कोच्या बाजूला राहणाऱ्या कोणालाही ओळखीच्या वाटतील. नवरा एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेला ऑपरेटर, हातात 16,000 रुपये. बायको एका हॉटेलात हाउसकीपिंगला, तिचे 11,000. दोन मुले शाळेत. एकूण 27,000. दोन खोल्यांचे भाडे 8,000. किराणा, दूध, भाजी आणि गॅस मिळून 7,500. मासळीला 3,500, आणि तीही बांगडे-तारल्यांच्या पलीकडे न जाता, कारण इसवणाच्या वाटेला जाणे महिन्यातून एकदा जमले तर जमले. स्कूटरचे पेट्रोल आणि दुरुस्ती 3,000. मुलांची व्हॅन, शिकवणी आणि वह्या-पुस्तके 2,500. वीज, पाणी, फोन 1,800. बेरीज 26,300. हाती उरतात 700 रुपये. यात औषध नाही, चतुर्थीचा खर्च नाही, काजाराचा आहेर नाही, सासूच्या डोळ्यांचे ऑपरेशन नाही. बायकोचे दोन खाडे झाले की सातशेही गेले. माणशी खर्च काढला तर तो साडेसहा हजारांच्या जरा वर येतो, म्हणजे गोव्याच्या ग्रामीण सरासरीहूनही कमी. आणि हे घर कोणत्याही व्याख्येने गरीब नाही. दोघे कमावतात, मुले शिकतात, कोणाचे देणे थकलेले नाही. असे घर सरकारी कागदावर दिसत नाही, कारण ते ना दारिद्र्यरेषेखाली आहे, ना आयकराच्या रेषेवर.

स्कूटरच्या त्या तीन हजारांवर क्षणभर थांबायला हवे. गोव्यात नोंदलेली वाहने जवळजवळ लोकसंख्येइतकी आहेत आणि त्यांत बहुसंख्य दुचाकी. सुबत्तेची खूण म्हणून हे अनेकदा सांगितले जाते. पण दुसऱ्या पाळीवरून रात्री अकराला सुटणाऱ्या माणसाला वाळपईला किंवा केप्याला परत नेणारी बस नसते. कदंब महामंडळ 1980 पासून आहे, खासगी बसगाड्याही आहेत, पण संध्याकाळ उलटली की आतल्या गावांचे रस्ते ओस पडतात. म्हणून घरात एक दुचाकी लागते, आणि बायकोही कामाला जात असेल तर दोन. जी सोय सार्वजनिक असायला हवी होती तिचा हप्ता आणि पेट्रोल पगारातून जाते, आणि राज्याच्या हिशेबात मात्र वाहनविक्री वाढल्याचे दिसते.

या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की गोव्यात गरिबीच नाही. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानुसार 2019-21 मध्ये गोव्यातले गरिबांचे प्रमाण 0.84 टक्के होते. केरळ सोडले तर इतक्या खाली आलेले दुसरे राज्य नाही. मग रडगाणे कशाचे? या आक्षेपाला उत्तर देताना आधी हे यश नीट समजून घेतले पाहिजे. ते कमावले कसे? खाणीतून निघालेल्या लोखंडाने किंवा हॉटेलांच्या गर्दीने ते आपोआप आले नाही. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा खेड्यात शाळा शोधावी लागत असे. 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. 1964 मध्ये कूळ कायदा आला. 1975 मध्ये, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, मुंडकार कायदा झाला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला कोणी उठवू शकणार नाही, आणि घराखालची जागा, गावात 300 चौरस मीटरपर्यंत, त्याला विकत घेता येईल, असा हक्क त्या कायद्याने दिला. भाटकाराची मर्जी गेली म्हणून घर जाण्याची भीती ज्या माणसाच्या डोक्यावर होती, त्याच्यासाठी हा कायदा पगारवाढीपेक्षा मोठा होता. पुढे तालुक्यातालुक्यात आरोग्य केंद्रे झाली, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) वाढले. तिथल्या उपचारांवर गोव्यातलेच नव्हे, तर सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याचे लोकही विसंबून राहिले. 2016 मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आली आणि तिने कुटुंबाच्या आकारानुसार अडीच किंवा चार लाखांपर्यंतच्या उपचारांची हमी दिली. गोव्याच्या पुष्कळ कष्टकरी घरांत भाडे नाही, फी नाही आणि मोठ्या आजारात घर विकावे लागत नाही, ही स्थिती अशी आली. पगार बेताचा असूनही संसार नेटका चालत होता, याचे कारण हेच.

म्हणजे गरिबी नाही हे खरे, पण ती दरडोई उत्पन्नामुळे हटली असे समजणे चूक आहे. ती हटली सार्वजनिक तरतुदीने, आणि विशेषतः डोक्यावरच्या छपराच्या हमीने. नेमके हेच छप्पर आता पुढच्या पिढीच्या हातून निसटते आहे. मुंडकाराचे घर एक होते, मुलगे तीन झाले. तीनशे मीटरांत किती चुली मांडणार? धाकट्याने बाहेर पडायचे ठरवले तर जमिनीचा भाव दिल्ली, मुंबई, बंगळुरूच्या पैशाने ठरलेला असतो. आसगाव, शिवोली, हळदोणे ही एकेकाळची शांत शेतीवाडीची गावे आज दुसरे घर घेऊ पाहणाऱ्या श्रीमंतांच्या नकाशावर आहेत. 2011 च्या जनगणनेतच गोव्यातल्या साधारण पाचातल्या एका घराला कुलूप आढळले होते. घरे नाहीत म्हणून लोक भाड्याने राहतात असे इथे नाही. घरे आहेत, पण ती राहण्यासाठी नाहीत. राहती घरेही पर्यटकांना रात्रीच्या दराने दिली जाऊ लागली, तेव्हा किनाऱ्यालगतच्या गावांत वर्षभरासाठी खोली मिळणे कठीण झाले. नगरनियोजन कायद्यात 2023 मध्ये आलेले कलम 17(2) आणि 2024 मधले 39-अ यांवर गोव्यात एवढे वादळ उठले ते यामुळेच. शेतीची किंवा हिरव्या पट्ट्यातली जमीन एकेका अर्जावर बांधकामासाठी खुली होणे म्हणजे गावाच्या भविष्याचा भाव बाहेरच्या गिऱ्हाइकाने ठरवणे, हे लोकांना समजले होते.

जमीन महागली म्हणजे गोंयकार श्रीमंत झाला, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. ज्याच्याकडे विकण्याजोगी जमीन आहे त्याच्यापुरता तो खरा आहे, आणि त्याच्यापुरतासुद्धा एकदाच. कष्टकऱ्यांपैकी पुष्कळांकडे राहत्या घराखेरीज इंचभर जागा नाही, आणि त्या घराचेही कागद अनेकदा पुरे नाहीत. मुंडकार कायद्याला पन्नास वर्षे होऊन गेली तरी मामलेदार कचेऱ्यांत खटले पडून आहेत. 2025 मध्ये सरकारने सरकारी आणि कोमुनिदादच्या (गावकीच्या सामाईक) जमिनीवरची जुनी घरे नियमित करण्याचा मार्ग उघडला, ते योग्यच झाले. पण त्याने आहे ते घर कायदेशीर होते. ज्याला घरच नाही, त्याचे भाडे त्याने कमी होत नाही.

घरानंतर कामाची शाश्वती. इथे खाणपट्ट्याचा अनुभव विसरून चालणार नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत खनिजाला चीनची मागणी आली तेव्हा 2010-11 मध्ये पाच कोटी टनांहून जास्त खनिज गोव्यातून बाहेर गेले. बँकेचे कर्ज काढून घरटी ट्रक घेतले गेले. ज्यांनी आधी शेत कसले होते, त्यांची शेते खाणीच्या मातीने भरली होती, म्हणून ट्रक हाच त्यांचा नांगर झाला. सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली. फेब्रुवारी 2018 च्या निकालात 88 लीज रद्द झाल्या आणि मार्चमध्ये पुन्हा सगळे ठप्प. खाणींनी कायदा मोडला होता, नद्या आणि शेते नासवली होती, न्यायालयाने केले ते करणे भागच होते. पण त्याचा भार कोणावर पडला? वाढत्या भावाच्या वर्षांतला नफा खाणमालकांनी उचलला होता. आंब्याखाली उभ्या राहिलेल्या ट्रकचा हप्ता मात्र चालकाच्या नावावर होता. पत्र्याला गंज चढला, टायर बसले, तरी बँकेचा तगादा थांबेना. सरकारला कर्जमुक्तीची योजना काढावी लागली, खाण अवलंबितांना मदत द्यावी लागली. या सगळ्या वर्षांत गोवा दरडोई उत्पन्नाच्या यादीत वरच्याच जागी होता. एका अख्ख्या पट्ट्याचे काम बंद पडले तरी राज्याला यादीत वरच ठेवणारा आकडा कष्टकरी घरांच्या सुखदुःखाचे माप म्हणून कसा चालेल?

पर्यटनाची कथा इतकी उग्र नाही, पण जात तीच. 2019 मध्ये ऐंशी लाखांच्या घरात पर्यटक आले, आणि करोनानंतर गर्दी पुन्हा त्याच्या वर गेली. मेअखेर शॅक मोडले जातात, जलक्रीडा बंद होतात, 1 जूनपासून 61 दिवस यांत्रिकी मासेमारीला बंदी लागते. कळंगुटचा वेटर, बोटीवरचा मदतनीस, पर्यटकांच्या टॅक्सीचा चालक, सगळ्यांचा हंगाम एकदम ओसरतो, आणि नेमक्या त्याच महिन्यात सुट्टी संपून शाळा सुरू होते. वह्या, गणवेश, रेनकोट, शाकारणी हे सगळे खर्च जूनमध्ये, मिळकत ऑक्टोबरमध्ये. मधले चार महिने उसनवारीचे. वर्षाची सरासरी काढली तर हे घर बरे दिसते, पण सरासरीने जूनमधला वाणी थांबत नाही. मोठ्या हॉटेलांत वर्षभर काम असते हे खरे, तरी तिथेही ठेकेदारी वाढली आहे आणि पावसाळ्यात पाळ्या कमी होतात.

मग गोंयकार पोरे ही कामे करत का नाहीत, असा सवाल येतो. बांधकामावर कर्नाटकचा, ट्रॉलरवर ओडिशा-झारखंडचा, हॉटेलच्या स्वयंपाकघरात उत्तराखंडचा किंवा नेपाळचा माणूस, आणि रोज दुचाकीवरून बांदा, दोडामार्गहून येणारा सिंधुदुर्गातला तरुण. काम आहे म्हणून तर ते येतात. दुसरीकडे केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत 2023-24 मध्ये गोव्याचा बेरोजगारीचा दर 8.5 टक्के होता, देशाचा 3.2. महिलांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त. यातून गोंयकार आळशी, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. बारावी किंवा पदवी झालेल्या मुलीला दहा-अकरा हजारांची, सुट्टी आणि बस नसलेली नोकरी मिळत असेल, तर घरातल्यांना ती परवडत नाही, कारण येण्याजाण्याचा आणि मूल सांभाळण्याचा खर्च वजा केला की हाती काही राहत नाही. ती घरी थांबते, सरकारी जागेची वाट पाहते, नाहीतर भाऊ पासपोर्टची तजवीज करतो. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या आजोबांच्या नोंदीवर युरोपचे दार उघडते, आणि 2020 अखेरपर्यंत त्याच दाराने साउथॉल किंवा स्विंडनला गेलेला तोच मुलगा गोदामात बारा तास उभा राहतो. जो तिकडे राबतो तो इकडे आळशी कसा ठरेल? फरक कामात नाही. तिथे वेतनाला कायद्याचा धाक आहे आणि महिनाअखेर काहीतरी मागे पडते. आणि बाहेरून येणारा कामगार ही नोकरी पत्करतो, कारण तो कुटुंब गावी ठेवून एका खोलीत सहा जणांत राहतो. त्याचेही घर राबणाऱ्यांचेच आहे. त्याच्याशी वैर धरून गोव्यातल्या कोणाचाही पगार वाढलेला नाही. उलट त्याला कमीत राबवता येते म्हणूनच सगळ्यांचा पगार खाली राहतो.

सरकार काहीच करत नाही असे नाही. 2012 पासून गृह आधार योजनेत गृहिणीला महिन्याला मदत मिळते, ती आज 1,500 रुपये आहे. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत वृद्ध, एकल स्त्रिया आणि दिव्यांगांना किमान 2,000 रुपये मिळतात. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर बेळगावची भाजी सवलतीत मिळते. या पैशाने कितीतरी बायकांच्या हाती स्वतःचे म्हणता येईल असे काही पहिल्यांदा आले, आणि हे हिणवण्याजोगे नाही. पण गृह आधारची उत्पन्नमर्यादा वर्षाला तीन लाख आहे. वर मांडलेल्या घराची मिळकत 3,24,000 होते. नवरा-बायको दोघे राबतात, हाच त्यांचा अपात्र ठरण्याचा गुन्हा. बायकोने काम सोडले तर घर पात्र होईल, आणि महिन्याला अकरा हजार गमावून दीड हजार मिळवेल. केंद्राच्या योजनांत असेच उंबरठे आहेत. ईएसआयची वेतनमर्यादा 2017 पासून 21,000 रुपयांवर आहे, पीएफची सक्ती 2014 पासून 15,000 वर. पगार मर्यादेच्या थोडा वर गेला की ईएसआयचे संरक्षण जाते, आणि नव्याने लागणाऱ्याला पीएफची सक्ती राहत नाही. कष्टकरी घराला मिळणारी मदत अशी त्याच्या थोड्याशा प्रगतीबरोबर काढून घेतली जाते. जे स्थलांतरित आहेत त्यांना तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या अटीने योजनेच्या दाराबाहेरच ठेवले आहे.

पगार वाढवायला सांगितले की उद्योग निघून जातील, ही भीती घातली जाते. ती सरसकट खोटी नाही. लहान राज्याच्या तिन्ही बाजूंना दुसऱ्या राज्यांच्या औद्योगिक वसाहती आहेत, आणि छोटा कारखानदार खरोखर काठावर असतो. पण किनारा उचलून कोणी नेऊ शकत नाही. मांडवीतल्या कॅसिनोंना, पंचतारांकित हॉटेलांना, विमानतळांना गोवाच लागतो. 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला तो इथे येणाऱ्या माणसांसाठी. अशा धंद्यांत वेतनाचा तळ उंचावला, ठेकेदाराकडच्या माणसाला त्याच कामाचे तेवढेच दाम बंधनकारक केले, तर ते उठून दुसरीकडे जातील हे पटण्यासारखे नाही. औषध कारखान्यांतही मालाच्या किमतीत मजुरीचा वाटा लहान असतो. जिथे खरोखर परवडत नाही तिथे सूट द्या, पण ज्याला परवडते त्याने त्या लहान कारखानदाराच्या आडोशाला उभे राहू नये.

लहान राज्याला एक मोठी सोय असते, आणि गोव्याने ती एकेकाळी वापरली होती. पणजीहून निघालेला अधिकारी कोणत्याही गावात दोन-अडीच तासांत पोचतो. लोक मोजके, अंतरे थोडी. म्हणून इथे करून दाखवता येण्याजोगी कामे अगदी ठोस आहेत. गृहनिर्माण मंडळाने विकण्यासाठी नव्हे, तर राहणाऱ्यांना वाजवी भाड्याने देण्यासाठी घरे बांधावीत, आणि तीही औद्योगिक वसाहतींच्या जवळ. रात्रीच्या पाळीच्या वेळेला धरून बस सोडाव्यात. पर्यटकांच्या खोल्यांवर आणि कॅसिनोंवर लावलेल्या शुल्कातला ठरावीक हिस्सा जून ते सप्टेंबरच्या कामगारांसाठी बाजूला काढावा, म्हणजे हंगामाचा नफा हंगामाबाहेरच्या पोटाला लागेल. 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतला दहावा हिस्सा कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले, त्यामागचा विचार हाच होता, की एकदाच मिळणारी संपत्ती पुढच्यांसाठी राखावी. गृह आधारची मर्यादा वाढवावी आणि ती ओलांडली की मदत एकदम तोडण्याऐवजी हळूहळू कमी करावी. अंगणवाडीची वेळ पाळीच्या वेळेशी जुळवली, तर घरी बसलेल्या कित्येक मुली कामाला लागतील. यातले एकही काम पैशांअभावी अडलेले नाही.

आणि सर्वांत आधी मोजणी हवी. बाराही तालुक्यांत ठेकेदाराकडच्या कामगाराच्या हातात महिन्याला किती येतात, त्यातले भाड्याला किती जातात, वर्षातले किती महिने काम असते, एवढे तीन आकडे दर वर्षी विधानसभेत ठेवता येतील. पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी दरडोई उत्पन्नाचा आकडा वाचला जाईल, तेव्हा आपल्या आमदाराला गाठून या तीन आकड्यांबद्दल विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.